वाट पाहण्याचे व्याकरण : येऊ घातलेले वादळ आणि दैनंदिन कामाचे निवेदन

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'वादळ' हा शब्द जितक्या सहजतेने वावरतो, तितक्या सहजतेने निसर्गातील दुसरी कोणतीही घटना वावरत नसेल. एखाद्या पुस्तकाने वादळ उठवले, एखादे व्यक्तिमत्त्व वादळी होते, एखाद्या नायिकेच्या मनात वादळ घोंघावत होते, असे आपण लिहितो. आणि यात काही रूपक आहे याचेही भान आपल्याला उरत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात बसून लिहिणाऱ्याला तर ही सवय विशेष सोयीची आहे. येथे वादळ बहुधा वृत्तपत्रातून आणि शब्दकोशातून येते; छपरावरून क्वचितच येते.

आधुनिक मराठी साहित्याने या रूपकाला एक विशिष्ट वळण दिले. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) मधील 'कोलंबसाचे गर्वगीत' आठवावे. तेथे समुद्र आणि वादळ ही मानवी इच्छाशक्तीला मिळालेली आव्हाने आहेत. नाविकाचा आवाज त्यांच्याहून मोठा ठरावा यासाठीच ती तेथे उभी आहेत. याच लेखकाच्या 'नटसम्राट' मध्ये (रंगभूमीवर १९७०) हे वळण पूर्ण होते. अप्पासाहेब बेलवलकर वादळाला सामोरे जात नाहीत, ते स्वतःलाच तुफान म्हणवतात आणि त्या तुफानासाठी आसरा मागतात. निराधार माणसाच्या दुःखाची ही अभिव्यक्ती मराठी मनात खोल रुजली, यात शंका नाही. परंतु त्यातून एक गोष्ट घडली, ती नोंदवली पाहिजे. वादळ प्रथमपुरुषी झाले. वादळ म्हणजे 'मी'. मग ज्याच्या घरावर ते येते तो कोण, आणि ते येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो काय करीत होता, हे प्रश्न रूपकाच्या कक्षेबाहेर राहिले.

याला अपवाद नाहीत असे नाही. दलित कवितेने आणि आंबेडकरी जलशांनी वादळाची प्रतिमा हाती घेतली तेव्हा तिला इतिहासाचा आधार होता. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या एका गाजलेल्या गीतात माणसांना वादळाची नव्हे, तर वादळात तेवणाऱ्या दिव्यांची उपमा दिली आहे. हा फरक लहान नाही. दिव्याला वादळ बाहेरून येते. आणि दिव्याला तेवण्याचे काम ते येण्यापूर्वीही करावे लागते, ते आल्यावरही.

प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न मर्यादित आहे. वादळ अद्याप आलेले नाही, पण ते येणार हे कळलेले आहे. आणि माणसे आपली रोजची कामे करीत आहेत. या अवस्थेला साहित्यात कोणता घाट सापडतो? आणि मराठी समीक्षेला तो ओळखता येतो काय?

२

हा प्रश्न सुचला तो पुस्तकातून नव्हे. २ जून २०२० रोजी दुपारी अरबी समुद्रातील एका कमी दाबाच्या क्षेत्राचे चक्रीवादळात रूपांतर झाले. बांगलादेशाने सुचवलेले 'निसर्ग' हे नाव त्याला मिळाले आणि दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, दुपारी ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. नाव मिळण्यापासून किनारा गाठण्यापर्यंतचे अंतर सुमारे एका दिवसाचे होते. टाळेबंदीचे दिवस होते. प्रस्तुत लेखकाची एक वृद्ध आत्या श्रीवर्धन तालुक्यात राहते. तिच्याशी २ तारखेच्या दुपारपासून ३ तारखेच्या सकाळपर्यंत पाच-सहा वेळा दूरध्वनीवरून बोलणे झाले. दुपारनंतर ते बंद झाले. पुढे बरेच दिवस त्या भागात वीज नव्हती आणि दूरध्वनीही नव्हते.

त्या बोलण्यांत वादळ जवळजवळ नव्हतेच. अंगणात वाळत घातलेली सोले पडवीत घेतली. लाकूडफाटा कोरड्यात टाकला. दिवे जातील म्हणून पाणी भरून ठेवले. गाय गोठ्यात ठेवावी की सोडून द्यावी, याचा निर्णय होत नव्हता. ग्रामपंचायतीची गाडी कर्ण्यावरून सांगत गेली की घराबाहेर पडू नका. पण वाडीत पडलेल्या झावळ्या उचलल्या नाहीत तर त्याच वाऱ्याने कौलांवर येतील, म्हणून ती बाहेर पडली. नागपुरात आम्ही दूरचित्रवाणीवर किनाऱ्यावर उभे असलेले वार्ताहर पाहत होतो आणि तिला वाऱ्याचा वेग सांगत होतो. तिने एकदाच विचारले, "म्हणजे किती वाजता?" वेगाशी तिला कर्तव्य नव्हते, उरलेल्या कामांना वेळ किती, एवढेच तिला हवे होते.

पुढे काही महिन्यांनी प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा वादळाची हकिकत ऐकायला आम्ही सारे तिच्याभोवती बसलो. तिने सांगितली ती पुन्हा कामांचीच हकिकत. सोले, पाणी, गाय, झावळ्या, सकाळी लवकर केलेली पेज. प्रत्यक्ष वाऱ्याचे दोन-तीन तास तिने एका वाक्यात उरकले: "मग वारा आला नि वाडी गेली." आम्हाला ते वर्णन अपुरे वाटले. आम्ही खोदून खोदून विचारू लागलो. आवाज कसा होता? भीती वाटली का? ती काहीशी गोंधळून पुन्हा गाईकडे वळली.

त्या वेळी मला वाटले की तिला सांगता येत नाही. आज वाटते की आम्हाला ऐकता येत नव्हते. आमच्या मनात आपत्तीच्या कथेचा एक तयार घाट होता: पूर्वसूचना, उत्कर्षबिंदू, विध्वंस. तिच्या कथनाचा भार उत्कर्षबिंदूवर नव्हताच. तो आधीच्या वीस तासांवर होता, कारण ज्यात तिला काही करता येण्यासारखे होते तो काळ तेवढाच होता.

३

प्रथम भाषेचा विचार करू. मराठीत आपण 'वाट पाहतो' ती पाहुण्याची, पत्राची, पावसाची. या शब्दप्रयोगात येणाऱ्याविषयीची इच्छा गृहीत धरलेली असते. 'मरणाची वाट पाहणे' असे आपण म्हणतो तेव्हाही सुटकेची ओढ त्यात असते. 'ती वादळाची वाट पाहत होती' हे वाक्य लिहून पाहावे. वाचणाऱ्याला तिला वादळ हवेच होते असे वाटेल. नको असलेल्या गोष्टीच्या येण्याकडे डोळे लावून बसण्यासाठी मराठीजवळ 'धास्ती', 'धसका', 'जीव टांगणीला लागणे' असे शब्द आहेत. पण ते मनाची अवस्था सांगतात. त्या अवस्थेत चाललेली कृती सांगत नाहीत.

भारतीय काव्यशास्त्राकडे वळले तरी साधारण हेच आढळते. प्रतीक्षेची सूक्ष्म मीमांसा आपल्या परंपरेने केली ती विप्रलंभ शृंगाराच्या संदर्भात. भरताने सांगितलेल्या अष्टनायिकांतील वासकसज्जा येथे विशेष लक्षणीय आहे, कारण तिची प्रतीक्षा कामाच्या रूपाने दिसते. ती शय्या सजवते, स्वतःला सजवते. प्रतीक्षा आणि काम यांचा संबंध परंपरेला ठाऊक होता; मात्र येणारा प्रियकर असेल तरच. उलट वारा, पाऊस, आग हे नाट्यशास्त्राच्या भावाध्यायात 'आवेग' या व्यभिचारी भावाचे विभाव म्हणून येतात, आणि अप्रिय वार्ता ऐकणे हेही त्यांच्याच पंक्तीत आहे. परंतु आवेग म्हणजे धांदल, अंगावर आलेल्या गोष्टीने उडालेली तारांबळ. जी अप्रिय वार्ता दर तीन तासांनी पुन्हा ऐकू येते, दर वेळी थोडी अधिक नेमकी होते, आणि जी ऐकत ऐकत माणूस पाणी भरीत राहतो, तिच्यासाठी आवेग हा भाव अपुरा पडतो. चिंता आणि शंकाही अपुऱ्या पडतात. हा परंपरेचा दोष नव्हे. वादळाची आगाऊ बातमी ही गोष्टच मुळी अर्वाचीन आहे. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने कलकत्त्यात घडवला तो १८४० च्या दशकात. १८६४ मध्ये कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. वादळ येण्याआधी ते कळणे, हा मानवी अनुभवात नव्याने दाखल झालेला काळ आहे.

या काळाचे निवेदन कसे करावयाचे? झेरार जेनेत याने १९७२ मध्ये निवेदनाच्या वारंवारितेचा विचार करताना एक भेद केला होता. अनेकदा घडलेले एकदाच सांगणे हे आवर्ती निवेदन. एकदा घडलेले एकदा सांगणे हे एकवारी निवेदन. मराठी व्याकरणात हा भेद क्रियापदाच्या रूपांतच आहे. 'ती रोज पहाटे पाणी भरी' हे ई-आख्यात, म्हणजे रीतिभूतकाळ. 'त्या पहाटे तिने पाणी भरले' हे लाख्यात. पहिल्यात काम आहे, पण घटना नाही. दुसऱ्यात तेच काम घटना होते. वास्तववादी कादंबरी रोजची कामे रीतिभूतकाळात घालून पार्श्वभूमीला ठेवते आणि प्रसंग लाख्यातात पुढे आणते. पार्श्वभूमी आणि प्रसंग यांची ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कामाचे वर्णन आले की वाचक आपोआप वेग वाढवतो.

येऊ घातलेले वादळ नेमकी ही वाटणी मोडते. हवामानाचे भाकीत 'येईल' या रूपात, ईलाख्यातात, येते. आणि ते ऐकल्या क्षणापासून रोजचे प्रत्येक काम रीतिभूतातून लाख्यातात सरकते. काम तेच आणि हातही तेच. पण 'ती पाणी भरी' असे आता म्हणता येत नाही, कारण उद्या ती भरील की नाही याची खात्री उरलेली नसते. सवय ही घटना होते, आणि तरी करणारीच्या दृष्टीने ती सवयच राहते, कारण सवयीवाचून तिचा हात चालणार नाही. प्रतीक्षेचा ताण या दोन आख्यातांमधला ताण आहे, असे माझे प्रतिपादन आहे. तो भावनेच्या शब्दांतून सांगावा लागत नाही. किंबहुना भावनेचे शब्द आले की तो सुटतो. माझ्या आत्याच्या कथनात भीतीचा उल्लेख नव्हता याचे कारण येथे सापडते. भीती तिच्या क्रियापदांत होती.

४

ही कल्पना केवळ व्याकरणाची कसरत नाही हे पाहण्यासाठी दोन कादंबऱ्यांचा विचार करू. मराठीबाहेर जावे लागते, कारण चक्रीवादळाच्या प्रतीक्षेवर उभी असलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ मधील 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीत १९२८ साली फ्लोरिडातील ओकीचोबी सरोवराच्या परिसरात झालेल्या विध्वंसाचा आधार आहे. त्या आपत्तीत दोन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. कादंबरीत वादळाआधी सेमिनोल आदिवासी आपला संसार घेऊन पूर्वेकडे निघून जाताना दिसतात. मागोमाग प्राणीही जातात. जेनी आणि टी केक यांना जाण्याची संधी मिळते. पण शेंगांच्या तोडणीला मजुरी चांगली आहे, मालक अजून गेलेला नाही, म्हणून मजूर थांबतात. हर्स्टन यांचे वैशिष्ट्य असे की या थांबण्याला त्या मूर्खपणा म्हणत नाहीत, शौर्यही म्हणत नाहीत. येथे संकेत दोन आहेत: आदिवासींचे जाणे आणि मालकाचे राहणे. मजुराने कोणत्या संकेतावर विश्वास ठेवावा हे त्याच्या हवामानविषयक ज्ञानावर ठरत नाही, रोजीवर ठरते. वादळ ओसरल्यावर टी केकला बळजबरीने प्रेते पुरण्याच्या कामाला लावले जाते आणि तेथे शवपेट्या फक्त गोऱ्यांसाठी असतात. तोडणीपासून पुरणीपर्यंत कामाची साखळी तुटत नाही. वादळ त्या साखळीतला एक दुवा आहे.

जेस्मिन वॉर्ड यांची 'साल्वेज द बोन्स' (२०११) ही दुसरी. २००५ च्या कॅटरिना वादळावरील या कादंबरीची बारा प्रकरणे म्हणजे बारा दिवस. वादळ येते अकराव्या दिवशी. कथेचा पाच-षष्ठांश भाग वादळापूर्वीचा असावा, हा रचनेचा निर्णयच एक समीक्षादृष्टी आहे. मिसिसिपीच्या किनाऱ्याजवळच्या एका गरीब घरातली पंधरा वर्षांची एश ही निवेदिका आहे. ती गरोदर आहे आणि ते तिने कोणाला सांगितलेले नाही. भाऊ कुत्रीच्या पिलांना जगवण्यात गुंतला आहे. बाप खिडक्यांना लावायला फळ्या आणि पाणी साठवायला बाटल्या जमवतो आहे. मुलांना त्याची ही धडपड कटकटीची वाटते. जुने खुराडे पाडून लाकूड काढण्याच्या खटपटीत त्याची बोटे तुटतात. वादळ अजून समुद्रात असते. या एका प्रसंगात वादळाने आपला पहिला बळी तयारीच्या कामातच घेतला आहे. आपत्ती 'येते' त्या क्षणी सुरू होते, हे आपले गृहीत येथे ढासळते.

दोन्ही कादंबऱ्यांत वादळाचे वर्णन प्रभावी आहे. परंतु ते प्रभावी होते ते आधीच्या कामांच्या वर्णनामुळे. ज्या फळ्या ठोकताना आपण पाहिल्या, त्याच उडून जातात. याच्या उलट टोकाला जोसेफ कॉनरॅडच्या 'टायफून' (१९०२) मधील कप्तान मॅकव्हर आहे. वायुभारमापकाचा पारा उतरलेला त्याला दिसतो. वादळे कशी टाळावीत हे सांगणारे पुस्तक तो वाचतो आणि बाजूला ठेवतो. वाट वाकडी करून जाळलेल्या जास्तीच्या कोळशाचा हिशेब मालकांना काय सांगणार, ही त्याची अडचण आहे. हा प्रसंग आपण विनोदी म्हणून वाचतो. पण मजुरी आणि कोळशाचे बिल यांचे गोत्र एकच आहे. वादळाकडे पाहणारा प्रत्येक जण ते आपल्या कामाच्या खिडकीतून पाहतो. फरक इतकाच की कप्तानाला वाट बदलता येते, तोडणी करणाऱ्याला येत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतीक्षेचे हे निवेदन म्हणजे आपल्या परिचयाची उत्कंठाच नव्हे काय? पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक आहे, पात्रांना नाही. रहस्यकथेचा धंदाच या तंत्रावर चालतो.

उत्कंठेत आणि या प्रतीक्षेत फरक आहे तो ज्ञानाच्या वाटणीचा. उत्कंठेत वाचक जाणतो आणि पात्र अनभिज्ञ असते. येऊ घातलेल्या वादळात पात्रालाही ठाऊक असते. आपल्याकडे १९९९ पासून चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत दिली जाते. बहात्तर तास आधी, अठ्ठेचाळीस तास आधी, चोवीस तास आधी आणि किनारा गाठण्यापूर्वी बारा तास. बंदरांवर दिवसा शंकू आणि पिंपांच्या आकृती, रात्री लाल-पांढरे दिवे लावून एक ते अकरा क्रमांकांचे संकेत दाखवण्याची जुनी पद्धत आहे. मच्छीमार बोलताना 'तीन नंबरचा बावटा लागला' असे म्हणतात. म्हणजे अज्ञान हा येथे प्रश्नच नाही. ज्ञान असूनही काम थांबवता येत नाही, हा प्रश्न आहे. उत्कंठेचा विषय 'काय होणार?' हा असतो. या प्रतीक्षेचा विषय 'आता काय करू?' हा आहे.

ज्याला सूचना पोहोचली त्याला ती पाळता येतेच, हे गृहीत किती पोकळ आहे ते १७ मे २०२१ रोजी दिसले. 'तौक्ते' वादळ मुंबईजवळून जात असताना समुद्रातील तेलक्षेत्रात कामगारांची वसती असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती; साठहून अधिक मृत्युमुखी पडली. वादळाची सूचना काही दिवस आधीपासून सर्वांना होती. तराफ्यावरच्या कामगाराच्या दृष्टीने मात्र ती सूचना म्हणजे दुसऱ्या कोणी तरी घ्यावयाचा निर्णय होता. हर्स्टनच्या मजुरांना मालकाचे राहणे हा संकेत वाटला. येथे संकेताचा अर्थ लावण्याचा अधिकारच कामगाराच्या हाती नव्हता. संकेत आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे आपण सोस्यूरपासून शिकलो. परंतु संकेत वाचून त्याप्रमाणे वागण्याची मुभा कोणाला असते, हा प्रश्न आपल्या चिन्हमीमांसेने पुरेसा विचारलेला नाही.

६

मग मराठीत हा घाट नाहीच काय? मला वाटते तो आहे. पण आपण तो वादळाच्या नावाखाली शोधतो म्हणून सापडत नाही.

कोकणात 'आगोट' असा एक शब्द आहे. पावसाच्या तोंडाशी करावयाची सगळी बेगमी त्यात येते. घर शाकारणे, लाकडे भरणे, मीठ-मिरची साठवणे. विदर्भात समुद्र नाही, पण नवतप्याच्या उन्हात उन्हाळवाही करून, वखरणी आटोपून, रोहिणी आणि मृगाकडे पाहत बसणे आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे धूळपेरणी. पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत सरकी टोबायची. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-पंधरा दिवसांनी पुढे, न आला तर बियाणे गेले आणि दुबार पेरणी नशिबी आली. भाकितावर लावलेले श्रम याहून वेगळे काय असतात? येथेही 'पेरी' आणि 'पेरले' या दोन आख्यातांमधला ताण आहे. सवयीने करावयाचे काम त्या वर्षापुरते जुगार होऊन बसते.

या दृष्टीने उद्धव ज. शेळके यांच्या 'धग' (१९६०) कडे पुन्हा पाहावे असे वाटते. वऱ्हाडातल्या एका शिंप्याच्या घरची ही कथा मराठी समीक्षेने मुख्यतः प्रादेशिक कादंबरी म्हणून, आणि कौतिकची शोकांतिका म्हणून वाचली. दोन्ही वाचने योग्य आहेत. पण शीर्षकाकडे लक्ष दिले तर तिसरे वाचन शक्य होते. धग म्हणजे ज्वाला नव्हे. ज्वाळेपासून काही अंतरावर असताना अंगाला जे लागते ती धग. आपत्ती अद्याप अंगाला भिडलेली नाही, पण तिची जाणीव त्वचेला झालेली आहे; आणि त्या जाणिवेत माणूस वावरतो आहे. कौतिक आपल्याला कळते ती तिच्या कामांतून. नवऱ्याच्या दुखण्याची, संसार उसवत चालल्याची चाहूल तिला लागते तेव्हा ती शोक करीत बसत नाही. दुसऱ्या दिवशीच्या कामाला जाते. तिच्या कामांच्या वर्णनांना केवळ 'वातावरणनिर्मिती' म्हटले की कादंबरीतले मुख्य निवेदनच आपण पार्श्वभूमीत ढकलतो.

अर्थात 'धग' आणि वादळाची कादंबरी यांत भेद आहे, तो पुसून टाकता येणार नाही. वादळाला घटका असते, दारिद्र्याला नसते. रॉब निक्सन यांनी २०११ मध्ये 'संथ हिंसा' ही संकल्पना मांडली ती ज्या आपत्तींना तारीख नसते, त्यांच्यासाठी. कौतिकला बहात्तर तासांची सूचना मिळत नाही. म्हणून तिची प्रतीक्षा तिला स्वतःला प्रतीक्षा म्हणून उमगत नाही. ती वाचकाला उमगते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये दुष्काळ असाच पावलांचा आवाज न करता येतो आणि वाडी रिकामी होते. शिक्षक-निवेदकाने शाळेचे, तालमीचे जे सारे टिपले, ते त्या रिकामेपणाकडे पाहून आपण पुन्हा वाचू लागतो. जे वाचताना रीतिभूत वाटले होते, ते मागे वळून पाहता लाख्यात ठरते. वादळाची कादंबरी हा बदल पात्रांच्या डोळ्यांदेखत घडवते. दुष्काळाची कादंबरी तो वाचकाच्या मनात, उशिरा घडवते. दोहोंचे व्याकरण एकच आहे.

पूर्वसूचना नसलेली आपत्ती मात्र या व्याकरणाबाहेर राहते. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड गावात वर्धा नदीचे पाणी शिरले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तेथे 'आधी' आहे, 'नंतर' आहे. मधला काळ गावाला मिळालाच नाही. त्या मधल्या काळाचे मोल काय, हे मोवाडकडे पाहून कळते. तो काळ भीतीचा असतो, तरीही तो मिळणे ही सवलत असते. त्यात गाय सोडता येते, म्हाताऱ्याला उचलून नेता येते.

७

बंदरावरच्या अकरा संकेतांपैकी शेवटचा मला अलीकडे वारंवार आठवतो. पहिले दहा संकेत वादळाचे अंतर, दिशा आणि धोका सांगतात. अकराव्याचा अर्थ असा, की सूचना देणाऱ्या केंद्राशी आमचा संपर्क तुटला आहे आणि हवामान धोक्याचे दिसते. हा संकेत वादळाविषयी काही सांगत नाही. यापुढे कळण्याचा मार्ग उरला नाही, एवढेच सांगतो. ३ जून २०२० च्या दुपारनंतर नागपुरात आमच्यापाशी एवढाच संकेत होता. 'निसर्ग' दुसऱ्या दिवशी क्षीण होऊन पश्चिम विदर्भापर्यंत आले आणि मध्य प्रदेशात विरले. त्याची बातमी वाचताना माझ्या ध्यानात आले की तिच्या अंगणातून गेलेली हवा आमच्या प्रदेशात पोहोचली; तिचा शब्द पोहोचलेला नव्हता. त्या दिवसांत आम्हीही स्वयंपाक केला, भांडी घासली, दळण आणले. दूर असणाऱ्याची प्रतीक्षाही कामातूनच चालते. पण त्या कामाने कोणाच्या कौलांवरची झावळी उचलली जात नाही.

समीक्षकाची जागा साधारण अशीच असते. तो सुरक्षित अंतरावर असतो, आणि त्याच्याकडे येतात ते इतरांनी लावलेले संकेत. म्हणून त्याच्यावर एक जबाबदारी येते. वादळाचे रूपक करून ते स्वतःच्या अंगावर पांघरण्याआधी, ज्यांच्या अंगावर ते खरोखर येते त्यांच्या क्रियापदांकडे त्याने पाहिले पाहिजे. एखाद्या कथेत बाई पाणी भरते आहे, पुरुष होडी ओढतो आहे, कोणी सरकी टोबते आहे, असे आले तर ते ओलांडून 'मुख्य घटने'कडे धावण्यापूर्वी थांबून विचारले पाहिजे: हे कोणत्या आख्यातात आहे? हे काम उद्या होणार आहे हे तिला ठाऊक आहे काय? ज्या साहित्यात काही 'घडत नाही' असा शेरा आपण मारतो, ते असे वाचले तर कदाचित वेगळे दिसेल. स्त्रियांच्या आत्मकथनांतील स्वयंपाकघराची लांबलचक वर्णने, शेतमजुरांच्या कथनांतील कामांच्या याद्या, यांचा पुनर्विचार या दिशेने करता येईल.

आत्याच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी त्या दुपारी मोडल्या. पुढच्या पावसाळ्यात तिने नवी रोपे लावली. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे जातात, हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे; मधल्या वर्षांत समुद्रात किती वादळे उठतील हे दोघांनाही ठाऊक नाही. दर मे महिन्यात दूरध्वनीवर मी वादळाची बातमी विचारतो. ती शिंपण्याचे सांगते.